वास्तव संख्या आणि बीजगणिताचे नियम

बीजगणितात अक्षर हे संख्येच्या जागी येते, एवढे सांगून बहुतेक पाठ्यपुस्तके पुढच्या कामाला लागतात. ती संख्या नेमकी कोणत्या समूहातली, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. वास्तविक क्ष + ५ = ३ किंवा क्ष² = २ यांसारख्या समीकरणाला उकल आहे की नाही, हे नुसत्या समीकरणाकडे पाहून ठरत नाही, तर क्ष साठी कोणत्या संख्या उपलब्ध आहेत यावर ते अवलंबून असते. केवळ मोजणीच्या संख्या हाताशी असतील तर ही दोन्ही समीकरणे सुटत नाहीत. ऋण संख्या मान्य केल्या की पहिले सुटते, आणि दुसरे सुटण्यासाठी वास्तव संख्यांपर्यंत यावे लागते. समीकरणाच्या एका बाजूचे पद दुसऱ्या बाजूला नेणे, दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागणे, कंस सोडवणे, अवयव पाडणे या सवयीच्या झालेल्या प्रत्येक कृतीमागे संख्यांचा एखादा गुणधर्म उभा असतो, आणि तो गुणधर्म जिथे लागू नसतो तिथे तीच कृती चुकीचे उत्तर देते. म्हणून वास्तव संख्या समजून घेणे म्हणजे बीजगणिताच्या नियमांची कारणे समजून घेणे होय.

मोजणीपासून भागाकारापर्यंत

१, २, ३, ४ या मोजणीच्या संख्यांना नैसर्गिक संख्या म्हणतात. कोणत्याही दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किंवा गुणाकार केला तर उत्तर नैसर्गिक संख्याच येते. गणिताच्या भाषेत हा समूह या दोन क्रियांसाठी संवृत आहे, म्हणजे क्रियेचे उत्तर समूहाबाहेर जात नाही. वजाबाकीला ही हमी लागू होत नाही, कारण ३ मधून ५ वजा केल्यावर येणारे उत्तर मोजणीच्या संख्यांत सापडत नाही. शून्य आणि ऋण संख्या जमेस धरल्या की पूर्णांक संख्यांचा समूह तयार होतो आणि वजाबाकी निर्वेध होते. भागाकाराची अडचण तरीही उरतेच. ७ ला ३ ने भागून पूर्णांक मिळत नाही, म्हणून प आणि फ हे पूर्णांक असून फ शून्य नसताना प/फ या रूपात लिहिता येणाऱ्या सर्व संख्यांचा, म्हणजेच परिमेय संख्यांचा, समूह घ्यावा लागतो. प्रत्येक पूर्णांक हा छेद १ असलेली परिमेय संख्याच असल्यामुळे जुना समूह नव्यात जसाच्या तसा सामावतो, आणि जुने नियम नव्या समूहातही टिकून राहतात.

या विस्तारात भारतीय गणितज्ञांचा वाटा मोठा आहे. ब्रह्मगुप्त यांनी इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकाराचे नियम सलग मांडले असून, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो हे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ‘बीजगणित’ या भागात विषयाची जी रचना केली आहे, ती तर या दृष्टीने फारच बोलकी आहे. धन-ऋण संख्यांवरील सहा क्रिया, शून्यावरील क्रिया, अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींवरील क्रिया आणि करणींवरील, म्हणजे वर्गमुळाच्या रूपातील संख्यांवरील, क्रिया हे सगळे आधी येते आणि समीकरणे त्यानंतर येतात. अर्थात संख्यांचे नियम पक्के झाल्याशिवाय अज्ञाताकडे वळायचे नाही, असा हा क्रम आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला होता, याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आढळते.

परिमेय संख्या अपुऱ्या का पडतात

चार मूलक्रियांपुरते पाहिले तर परिमेय संख्यांचा समूह परिपूर्ण भासतो, कारण शून्याने भागणे वगळता कोणतीही क्रिया केली तरी उत्तर परिमेयच येते. भूमितीत मात्र हा समूह अगदी साध्या ठिकाणी अपुरा पडतो. ज्या चौरसाची बाजू १ आहे त्याच्या कर्णाची लांबी क्ष मानली, तर काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयानुसार क्ष² = १² + १² = २ होते, आणि या समीकरणाचे समाधान करणारी एकही परिमेय संख्या नाही.

हे सिद्ध करण्यासाठी फारशी सामग्री लागत नाही. क्ष = प/फ असे मानले तर प² = २ × फ² हे समीकरण मिळते. आता कोणत्याही नैसर्गिक संख्येचे मूळ अवयव पाडले आणि त्यांत २ हा अवयव किती वेळा येतो हे पाहिले, तर त्या संख्येच्या वर्गात तो त्याच्या दुप्पट वेळा, म्हणजे नेहमी सम वेळा, येतो. त्यामुळे डाव्या बाजूच्या प² मध्ये २ हा अवयव सम वेळा येतो, तर उजव्या बाजूला फ² मधील सम वेळांत आणखी एका २ ची भर पडून तो विषम वेळा येतो. एकाच संख्येत २ हा अवयव सम आणि विषम अशा दोन्ही वेळा येणे अशक्य असल्यामुळे मूळ गृहीतकच चुकीचे ठरते. हाच युक्तिवाद ३, ५, ७ यांच्या वर्गमुळांनाही लागू पडतो, आणि थोडा वाढवला तर जी नैसर्गिक संख्या पूर्ण वर्ग नाही, तिचे वर्गमूळ परिमेय नसते असा सर्वसाधारण निष्कर्ष मिळतो. अशा संख्यांना अपरिमेय संख्या म्हणतात, आणि परिमेय व अपरिमेय मिळून वास्तव संख्यांचा समूह होतो.

या कर्णाची लांबी व्यवहारात पुरेशा अचूकपणे काढण्याचे काम सिद्धतेच्या कितीतरी आधी झालेले होते. येल विद्यापीठाच्या संग्रहात असलेल्या, सुमारे इ.स.पू. १८०० ते १६०० या काळातील एका बाबिलोनी मृत्तिका-पाटीवर चौरस आणि त्याचे कर्ण काढलेले असून, षष्टिमान पद्धतीत १, २४, ५१, १० हे आकडे लिहिलेले आहेत. त्यांचे मूल्य १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६००० म्हणजे सुमारे १.४१४२१३० इतके होते. यज्ञवेदींच्या रचनेसाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) असे मूल्य दिलेले आहे. ते ५७७/४०८ इतके, म्हणजे सुमारे १.४१४२१५७ भरते. प्रत्यक्षात √२ चे मूल्य १.४१४२१३५६… असल्यामुळे ही दोन्ही उत्तरे पहिल्या पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहेत. मात्र उत्तर कितीही जवळ पोहोचले तरी अपूर्णांकाने ते कधीच नेमके पकडता येणार नाही, हे सिद्ध करणे ही वेगळी गोष्ट होती आणि तिचे श्रेय ग्रीक गणितज्ञांकडे जाते; युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाचा दहावा भाग तर सर्वस्वी अशा राशींच्या वर्गीकरणाला दिलेला आहे.

दशांश रूपातील फरक

परिमेय आणि अपरिमेय यांतील भेद दशांश रूपात सहज नजरेस येतो. १ ला ७ ने भागताना प्रत्येक पायरीला उरणारी बाकी १ ते ६ यांपैकीच एक असते. म्हणून जास्तीत जास्त सहा पायऱ्यांनंतर एखादी बाकी पुन्हा येते आणि तेथून पुढचे सर्व अंक त्याच क्रमाने फिरत राहतात. यामुळे १/७ चे रूप ०.१४२८५७१४२८५७… असे अखंड आवर्ती येते, म्हणजे न संपणारे, पण ठरावीक अंकगट पुन्हा पुन्हा येणारे. छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर भागाकार संपतो आणि ३/८ = ०.३७५ असे खंडित दशांश रूप मिळते. उलट दिशेने, कोणतेही आवर्ती दशांश रूप अपूर्णांकात बदलता येते आणि त्यासाठी बीजगणिताची एकच युक्ती पुरते: क्ष = ०.२७२७२७… असेल तर १००क्ष = २७.२७२७२७… होते, दोहोंची वजाबाकी केल्यावर ९९क्ष = २७ उरते, आणि क्ष = ३/११ मिळतो. याच रीतीने ०.९९९… ही संख्या बरोबर १ येते. ती १ पेक्षा किंचित कमी असल्याचा भास होतो, पण दोन्ही एकाच संख्येची निरनिराळी रूपे आहेत.

यावरून अपरिमेय संख्येचे दशांश रूप अखंड आणि अनावर्ती असलेच पाहिजे, हे ओघाने येते. ०.१०१००१०००१… या संख्येत दर वेळी एक शून्य वाढत असल्यामुळे मांडणीत नियम असूनही आवर्तन नाही, म्हणून ती अपरिमेय आहे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर असलेली पाय ही संख्याही अपरिमेय आहे. शालेय गणितातील २२/७ आणि ३.१४ ही तिची सोयीची आसन्न मूल्ये आहेत, ती संख्या नव्हे.

संख्यारेषेतील फटी

एका सरळ रेषेवर शून्याचा बिंदू आणि एककाची लांबी ठरवून घेतली की प्रत्येक परिमेय संख्येला त्या रेषेवर एक जागा मिळते. कोणत्याही दोन परिमेय संख्यांची सरासरी त्यांच्या मधोमध येणारी तिसरी परिमेय संख्या असल्यामुळे या जागा अत्यंत दाट आहेत आणि रेषा पूर्ण भरून गेल्यासारखी वाटते. तरीही एकक चौरसाचा कर्ण कंपासमध्ये घेऊन शून्यापासून कंस मारला तर तो ज्या बिंदूत रेषेला छेदतो, त्या बिंदूवर एकही परिमेय संख्या नाही.

ही फट कशी असते, हे आकड्यांतून पाहता येते. ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे अशा धन परिमेय संख्या घेतल्या आणि त्यांतील एखादी संख्या प असेल, तर (२प + २)/(प + २) ही संख्या प पेक्षा मोठी असूनही तिचा वर्ग २ पेक्षा कमीच राहतो. १ पासून सुरुवात केली तर ४/३, ७/५, २४/१७, ४१/२९ अशा संख्या एकामागून एक मिळत जातात आणि प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा पुढे सरकते. म्हणजे या समूहात सर्वांत मोठी संख्या नाही. तसेच ज्यांचा वर्ग २ पेक्षा जास्त आहे अशा धन परिमेय संख्यांत सर्वांत लहान संख्याही नाही. परिमेय संख्या अशा रीतीने दोन गटांत विभागल्या जातात, पण विभागणीच्या ठिकाणी कोणीच उभे नसते.

जर्मन गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंड हे झ्युरिक येथे कलनशास्त्र शिकवत असताना त्यांना या प्रश्नाची निकड जाणवली, कारण त्या शास्त्रातील मूलभूत विधाने सिद्ध करण्यासाठी भूमितीच्या आकृतीवर विसंबावे लागत होते. परिमेय संख्यांची अशी प्रत्येक विभागणी म्हणजेच एक वास्तव संख्या मानावी, हा विचार त्यांनी २४ नोव्हेंबर १८५८ रोजी निश्चित केला आणि १८७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून वास्तव संख्यांचा जो निर्णायक गुणधर्म पुढे आला त्याला पूर्णता म्हणतात: वास्तव संख्यांच्या एखाद्या रिक्त नसलेल्या समूहाला वरची मर्यादा असेल, म्हणजे समूहातील कोणतीही संख्या ज्या संख्येच्या पुढे जात नाही अशी संख्या असेल, तर अशा सर्व मर्यादांमध्ये सर्वांत लहान अशी एक वास्तव संख्या असतेच. ज्या धन संख्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे त्यांची ही सर्वांत लहान मर्यादा म्हणजे √२ होय. प्रत्येक धन वास्तव संख्येला वर्गमूळ, घनमूळ आणि कोणतेही मूळ असते, हे बीजगणित गृहीत धरते ते याच गुणधर्माच्या बळावर.

या पूर्णतेमुळे बीजगणिताला लागतात त्यापेक्षाही अधिक संख्या हाती येतात. √२ ही पूर्णांक सहगुणक असलेल्या क्ष² − २ = ० या समीकरणाचे मूळ आहे; पाय ही संख्या मात्र अशा कोणत्याही बहुपदी समीकरणाचे मूळ नाही, हे फर्डिनांड लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केले. अशा संख्यांना बीजातीत संख्या म्हणतात. गेओर्ग कांटोर यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले की सर्व वास्तव संख्यांची पहिली, दुसरी, तिसरी अशी यादी करताच येत नाही, पण पूर्णांक सहगुणक असलेल्या बहुपदी समीकरणांच्या मुळांची अशी यादी करता येते; म्हणजे संख्यारेषेवरील बहुसंख्य संख्या बीजातीत आहेत.

नियमांची कारणे

वास्तव संख्यांवरील क्रियांचे नियम मोजकेच आहेत. बेरीज आणि गुणाकार कोणत्याही क्रमाने केले तरी उत्तर बदलत नाही, याला क्रमनिरपेक्षता म्हणतात. तीन संख्यांपैकी आधी कोणत्या दोन एकत्र घेतल्या यानेही फरक पडत नाही, हा साहचर्याचा गुणधर्म झाला. शून्य मिळवल्याने आणि १ ने गुणल्याने संख्या तशीच राहते. प्रत्येक संख्येला तिच्यात मिळवल्यावर शून्य देणारी विरुद्ध संख्या असते, आणि शून्याखेरीज प्रत्येक संख्येला तिच्याशी गुणल्यावर १ देणारा गुणाकार व्यस्त असतो. बेरीज आणि गुणाकार यांना जोडणारा दुवा म्हणजे वितरणाचा गुणधर्म: अ × (ब + क) = अ × ब + अ × क.

३क्ष + ७ = २२ हे समीकरण सोडवताना सात दुसऱ्या बाजूला नेल्यावर त्याचे चिन्ह बदलते असे विद्यार्थी म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीही इकडून तिकडे जात नसते. दोन्ही बाजूंत −७ मिळवले जाते, साहचर्यामुळे ७ आणि −७ एकत्र येतात, त्यांची बेरीज शून्य होते, आणि शून्य मिळवल्याने पद बदलत नसल्यामुळे ३क्ष = १५ उरते; मग दोन्ही बाजूंना ३ च्या गुणाकार व्यस्ताने, म्हणजे १/३ ने, गुणून क्ष = ५ मिळतो. ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, याचेही कारण वितरणात आहे. −१ × (१ + (−१)) या राशीत कंसाची किंमत शून्य असल्याने राशीची किंमत शून्य येते. तीच राशी वितरणाने उलगडली तर −१ + (−१)×(−१) असे मिळते, आणि ही बेरीज शून्य व्हायची असेल तर (−१)×(−१) ची किंमत १ असण्यावाचून गत्यंतर नाही. (अ + ब)² = अ² + ब² ही विद्यार्थ्यांची सर्वपरिचित चूकही वितरण अर्धेच वापरल्यामुळे होते; ते दोनदा वापरल्यावर मधले २अब हे पद आपोआप येते.

शून्याला गुणाकार व्यस्त नाही, कारण कोणत्याही संख्येने गुणले तरी शून्याचे शून्यच राहते, १ होत नाही. म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंना अक्षर असलेल्या राशीने भागताना ती राशी शून्य नाही याची खात्री करावी लागते. क्ष² = ५क्ष या समीकरणाला सरळ क्ष ने भागले तर क्ष = ५ एवढेच उत्तर मिळते आणि क्ष = ० ही दुसरी उकल हातची जाते. शून्याने भागण्याचा प्रश्न जुन्या गणितज्ञांनाही सहज सुटला नव्हता. ब्रह्मगुप्त यांनी शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे लिहिले आणि भास्कराचार्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून अनंत मानले, तर आधुनिक गणित हा भागाकार अर्थहीन ठरवते, कारण त्याला कोणतीही किंमत दिली तरी वरचे नियम कुठेतरी मोडतात.

अवयव पाडून समीकरण सोडवण्याची पद्धतही अशाच एका गुणधर्मावर उभी आहे: दोन वास्तव संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी निदान एक शून्य असते. हे इतके उघड वाटते की त्याचा उल्लेखही होत नाही, पण प्रत्येक संख्याव्यवस्थेत ते खरे नसते. घड्याळाप्रमाणे १२ ने भागून उरणाऱ्या बाकीच तेवढ्या संख्या मानल्या तर ३ × ४ चे उत्तर शून्य येते, जरी ३ आणि ४ यांपैकी एकही शून्य नाही. त्या व्यवस्थेत अवयवांची पद्धत पुरी पडत नाही.

करणी आणि वर्गसमीकरण

√२ सारख्या मूळचिन्हाखालील अपरिमेय संख्येला करणी म्हणतात. बीजगणित करणीशी व्यवहार करते तो तिच्या अंकांवरून नव्हे, तर तिच्या एकाच ओळखीवरून: तिचा वर्ग २ आहे. √२ + √८ ही बेरीज करताना दशांश अंकांना हात लावावा लागत नाही; √८ = २√२ असल्याने बेरीज ३√२, म्हणजेच √१८ येते. भास्कराचार्यांची रीत हेच उत्तर दुसऱ्या वाटेने देते: दोन्ही संख्यांची बेरीज १०, त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ४, त्याची दुप्पट ८, आणि १० + ८ = १८ ही बेरजेची करणी. १/(√२ − १) या राशीत अंश आणि छेद यांना √२ + १ ने गुणले की छेद २ − १ = १ होतो आणि राशी √२ + १ इतकी साधी होते; छेदाचे परिमेयीकरण म्हणतात ते हेच.

करणीच्या जवळचे अपूर्णांक शोधण्याचे कामही बीजगणित करते. प² − २फ² = १ या समीकरणाची पूर्णांकी उकल मिळाली की प/फ हा अपूर्णांक √२ च्या अगदी जवळ असतो, कारण प² आणि २फ² यांत केवळ १ चे अंतर उरते. ब्रह्मगुप्त यांच्या ‘भावना’ या रीतीने दोन उकलींपासून तिसरी तयार होते: (प, फ) आणि (त, थ) या उकली असतील तर (पत + २फथ, पथ + फत) हीही उकल असते. (३, २) या सोप्या उकलीची तिच्याशीच भावना केली तर (१७, १२) मिळते. तिची पुन्हा तिच्याशीच केली तर (५७७, ४०८), म्हणजे शुल्बसूत्रांतील नेमका तोच अपूर्णांक, हाती येतो. (१७, १२) आणि (३, २) यांपासून (९९, ७०) ही जोडी मिळते, आणि कार्यालयात रोज हाताळल्या जाणाऱ्या ए-४ कागदाच्या २९७ आणि २१० मिलिमीटर या बाजूंचे गुणोत्तर ९९/७० हेच आहे. कागद मधोमध दुमडल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या भागाचे गुणोत्तर मूळ कागदाइतकेच राहावे अशी अट घातली तर गुणोत्तराचा वर्ग २ यावा लागतो; म्हणून या मालिकेतील सर्व कागदांचे गुणोत्तर √२ धरलेले असते आणि मापे पूर्ण मिलिमीटरपर्यंत घेतलेली असतात.

वर्गसमीकरणात वास्तव संख्यांचे स्वरूप सर्वांत ठळक दिसते. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० हे समीकरण, ज्यात अ शून्य नाही, सोडवण्याची आधीचे गणितज्ञ श्रीधराचार्य यांची रीत भास्कराचार्यांनी नोंदवून ठेवली आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा. असे केल्यावर (२·अ·क्ष + ब)² = ब² − ४·अ·क असे समीकरण मिळते. डाव्या बाजूला वर्ग आहे, आणि वास्तव संख्येचा वर्ग कधीही ऋण नसतो. म्हणून ब² − ४·अ·क या राशीवर, जिला विवेचक म्हणतात, सगळे अवलंबून राहते: ती धन असेल तर दोन भिन्न वास्तव मुळे, शून्य असेल तर एकच, आणि ऋण असेल तर वास्तव संख्यांत एकही नाही. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळे असतात आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट म्हटले आहे.

मात्र समीकरणाने दिलेले प्रत्येक वास्तव मूळ प्रश्नाचे उत्तर असतेच असे नाही. वानरांच्या कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन कमी करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसत राहिले, तर कळप किती वानरांचा, असा प्रश्न ‘बीजगणिता’त आहे. त्यावरून क्ष² − ५५क्ष + २५० = ० हे समीकरण मिळते, त्याचा विवेचक २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग येतो, आणि मुळे ५० व ५ येतात. पाचाचा पाचवा हिस्सा १ असून त्यातून ३ वजा केल्यावर −२ उरत असल्यामुळे भास्कराचार्यांनी दुसरे मूळ अग्राह्य ठरवले. मूळ बीजगणिताच्या दृष्टीने बिनचूक असले तरी प्रश्नातील राशी कोणत्या संख्यासमूहातली आहे, ही अट समीकरणात लिहिलेली नसते. ती सोडवणाऱ्याने लक्षात ठेवायची असते.

क्रम आणि असमानता

कोणत्याही दोन वास्तव संख्यांपैकी पहिली मोठी, दुसरी मोठी किंवा दोन्ही समान यांपैकी नेमकी एकच गोष्ट खरी असते. असमानतेच्या दोन्ही बाजूंत एकच संख्या मिळवली तर क्रम टिकतो आणि धन संख्येने गुणले तरी टिकतो. ऋण संख्येने गुणल्यास मात्र तो उलटतो, कारण ऋण संख्येने गुणताना प्रत्येक बिंदू शून्याच्या पलीकडच्या बाजूला जातो. −२क्ष < ६ या असमानतेची उकल क्ष > −३ अशी येते, ती यामुळेच. क्ष ऋण असेल तेव्हा √(क्ष²) ची किंमतही क्ष नसते. √ या चिन्हाने ऋण नसलेले वर्गमूळच दर्शवले जात असल्यामुळे क्ष ची किंमत −४ असताना √(क्ष²) ची किंमत ४ येते. शून्यापासूनच्या या अंतराला केवलमूल्य म्हणतात.

वर्ग ऋण नसतो या एका गोष्टीतून उपयुक्त निष्कर्ष निघतात. (अ − ब)² ही राशी शून्य किंवा धन असते, ती उलगडून दोन्ही बाजूंत ४अब मिळवले तर (अ + ब)² ही राशी ४अब पेक्षा कधीच लहान नसते हे कळते. म्हणजे ठरावीक लांबीच्या कुंपणात बसणाऱ्या आयतांपैकी सर्वाधिक क्षेत्रफळ चौरसाचे असते. वर्ग ऋण नसल्यामुळेच क्ष² + १ = ० हे समीकरण वास्तव संख्यांत सुटत नाही; त्यासाठी त्यांच्या पलीकडच्या सदसत् संख्यांपर्यंत जावे लागते, पण तिथे लहान-मोठेपणाचा हा क्रम सोडून द्यावा लागतो.

नेमकी किंमत आणि आसन्न किंमत

संगणक आणि गणकयंत्र वास्तव संख्या साठवत नाहीत. ते ठरावीक अंकांत मावणाऱ्या परिमेय संख्या साठवतात. द्विमान पद्धतीत १/१० चे रूप अखंड आवर्ती येत असल्यामुळे ते कुठेतरी तोडावे लागते, आणि म्हणून बहुतेक संगणकीय भाषांत ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते. अशा संख्यांच्या बेरजेत साहचर्यही पूर्णपणे टिकत नाही, त्यामुळे कागदावर समान असलेल्या दोन राशी यंत्रावर वेगळी उत्तरे देऊ शकतात.

हा धोका हाताने केलेल्या आकडेमोडीतही तितकाच असतो. (√२ − १)⁶ ही राशी विस्तारली तर ९९ − ७०√२ येते, आणि तिचे परिमेयीकरण उलट बाजूने केले तर १/(९९ + ७०√२) येते. बीजगणिताच्या दृष्टीने ही तिन्ही रूपे एकच संख्या आहेत आणि तिची किंमत सुमारे ०.००५०५१ आहे. √२ ऐवजी १.४१४ घेतले तर पहिल्या रूपातून ०.००५०३५ आणि तिसऱ्यातून ०.००५०५१ मिळते, पण दुसऱ्या रूपातून ०.०२, म्हणजे खऱ्या किमतीच्या जवळजवळ चौपट उत्तर येते, कारण जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी करताना आधी सोडून दिलेला लहानसा फरकच उत्तरात प्रमुख होऊन बसतो. करणी शेवटच्या पायरीपर्यंत करणी म्हणूनच ठेवावी, या शालेय सूचनेमागे हे कारण आहे. चिन्ह म्हणून लिहिलेले √२ सर्व नियम पाळते. त्याच्या जागी दशांश आकडा ठेवणे ही त्यानंतरची स्वतंत्र कृती आहे, आणि ती कोणत्या पायरीवर व किती अंकांनी करायची, हे कामाला किती चूक चालेल यावरून ठरवावे लागते.